बुंध्यावरची भूछत्रे काय सांगतात?

मुंबई, प्रतिनिधी

मृग नक्षत्र जवळ आले की वरळीच्या रस्त्यांवर करवतींचा आवाज सुरू होतो. डॉ. ॲनी बेझंट मार्ग असो की डॉ. ई. मोझेस मार्ग, चाळींची पटांगणे असोत की गृहनिर्माण संस्थांची आवारे, सगळीकडे फांद्यांची छाटणी चालते. तोडलेल्या फांद्यांचे ढीग पदपथावर पडतात आणि यंदाच्या पावसाळ्याची चिंता मिटली, असे समजून रहिवासी निर्धास्त होतात. सर्वांचे लक्ष वर, फांद्यांकडे असते. अशा वेळी एखाद्या जुन्या पर्जन्यवृक्षाच्या अगदी बुडाशी, मातीला टेकून, लाखेचे रोगण दिल्यासारखी चकाकणारी तपकिरी रंगाची एक टणक फळी वाढत असते. येणारे-जाणारे तिच्याकडे पाहत नाहीत. मुले तिला लाथेने तोडतात. झाडलोट करताना ती कचऱ्यात जाते. वास्तविक झाडाने आपल्या दुखण्याची ती लेखी सूचनाच दिलेली असते. ती वाचण्याची सवय मात्र आपल्याला लागलेली नाही.

मुंबईत पावसाळ्यात झाडे कोसळणे ही आता नित्याची बातमी झाली आहे. ५ ऑगस्ट २०२० रोजी कुलाब्यात वाऱ्याचा वेग ताशी १०० किलोमीटरच्या पुढे गेला तेव्हा आणि १७ मे २०२१ रोजी ‘तौक्ते’ चक्रीवादळ मुंबईजवळून गेले तेव्हा शहरात मोठ्या संख्येने झाडे उन्मळून पडली. अशा वादळात निरोगी झाडही पडू शकते. पण साध्या पावसात, फारसा वारा नसतानाही एखादे झाड अचानक रस्त्यावर आडवे होते, तेव्हा त्याचे कारण पुष्कळदा आकाशात नसून बुंध्यात किंवा मुळांत असते. जुलै २०१७ मध्ये चेंबूर येथे रस्त्याने चाललेल्या एका महिलेवर नारळाचे झाड कोसळून तिचा मृत्यू झाला. ते झाड तोडण्यासाठी आधी अर्ज करण्यात आला होता आणि परवानगी मिळाली नव्हती, असे त्या वेळी वृत्तपत्रांतून प्रसिद्ध झाले होते. नुसते वर पाहून ‘झाड हिरवे आहे’ एवढ्यावर त्याची प्रकृती ठरवता येते का, हा प्रश्न त्या दुर्घटनेनंतर जाहीर चर्चेत आला. तो आजही सुटलेला नाही.

याची दुसरी बाजूही तितकीच गंभीर आहे. बुंध्यावर कोठेतरी भूछत्र दिसले की घाबरून संपूर्ण झाड तोडण्याची मागणी करणारे रहिवासी कमी नाहीत. महापालिकेच्या २०१८ मध्ये पूर्ण झालेल्या वृक्षगणनेत मुंबईत सुमारे २९ लाख ७५ हजार झाडे नोंदली गेली. त्यांतील जुन्या झाडांपैकी कित्येकांच्या अंगावर कोणती ना कोणती बुरशी असणारच. ती सर्वच धोकादायक मानली तर शहराची सावली नाहीशी होईल. कोणतीच धोकादायक मानली नाही तर माणसे जिवाला मुकतील. म्हणून कोणती बुरशी, झाडाच्या कोणत्या भागावर आणि कशा स्वरूपात आली आहे, हे ओळखणे महत्त्वाचे ठरते.

भूछत्र हे फळ, झाड वेगळेच

आंब्याच्या झाडाला लागलेला आंबा म्हणजे झाड नव्हे, तसेच बुंध्यावर दिसणारे भूछत्र म्हणजे संपूर्ण बुरशी नव्हे. ते तिचे फळ होय. खरी बुरशी केसाहूनही बारीक अशा तंतूंच्या जाळ्याच्या रूपाने लाकडाच्या आत पसरलेली असते. हे तंतू विकरे सोडून लाकूड विरघळवतात आणि त्यावर आपले पोषण करतात. पुरेसे बळ साठले आणि हवेत ओलावा आला, की जाळे बाहेर फळ धरते. त्या फळातून धुळीहून सूक्ष्म अशी बीजुके हवेत सोडली जातात. गॅनोडर्मा वर्गातील एका मोठ्या बुरशीचे फळ एका दिवसात सुमारे तीन हजार कोटी बीजुके सोडू शकते, असा अंदाज शास्त्रीय ग्रंथांत दिलेला आढळतो.

एके काळी लाकूड आधी कुजते आणि त्या कुजण्यातून बुरशी आपोआप उत्पन्न होते, अशी समजूत होती. रॉबर्ट हार्टिग या जर्मन वनशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात सूक्ष्मदर्शकाखाली अभ्यास करून हा क्रम उलटा असल्याचे दाखवून दिले. बुरशी आधी येते आणि कूज तिच्यामुळे होते. लाकडातील तंतू आणि सालीवरचे भूछत्र हे एकाच जिवाचे दोन भाग आहेत, हेही त्यानेच सिद्ध केले.

यातून सामान्य नागरिकाने ध्यानात घ्यावयाची गोष्ट अशी की, भूछत्र ही कुजण्याची पहिली खूण नसून बरीच उशिराची खूण आहे. ते दिसते तेव्हा आतली कूज अनेकदा काही वर्षांची जुनी असते. तसेच, भूछत्र उपटून टाकल्याने रोग जात नाही. आंबा तोडल्याने झाड मरत नाही, तसेच हेही. उलट, तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्याच्या हाती लागणारा पुरावा मात्र नाहीसा होतो.

लाकूड कुजते म्हणजे काय होते?

लाकूड प्रामुख्याने दोन द्रव्यांचे बनलेले असते. सेल्युलोजचे लांब धागे त्याला ताण सहन करण्याची शक्ती देतात आणि लिग्निन हे द्रव्य त्या धाग्यांना घट्ट बांधून ताठपणा देते. इमारतीच्या खांबातील लोखंडी सळया आणि काँक्रीट यांच्याशी याची ढोबळ तुलना करता येईल. कोणती बुरशी यांतील कोणत्या द्रव्यावर हल्ला करते, यावरून कुजीचे प्रकार पडतात.

पहिला प्रकार श्वेत कुजीचा. यात लिग्निनचे विघटन होते आणि बहुतेकदा सेल्युलोजही जाते. लाकूड फिकट, ओलसर, स्पंजासारखे होते आणि हाताने ओढल्यास त्याचे धागे सुटतात. मुंबईतील रुंद पानांच्या झाडांत हाच प्रकार अधिक आढळतो.

दुसरा प्रकार तपकिरी कुजीचा. यात बुरशी सेल्युलोज खाते आणि लिग्निन बहुतांशी तसेच मागे ठेवते. लाकूड गडद तपकिरी होऊन त्याला चौकोनी भेगा पडतात आणि बोटांत चुरडल्यास त्याची भुकटी होते. हा प्रकार अधिक फसवा. लाकडाचे वजन फारसे घटलेले नसतानाच त्याची ताकद मोठ्या प्रमाणात गेलेली असते, त्यामुळे फांदी पूर्वसूचना न देता कडाडून मोडते.

तिसरा प्रकार मऊ कुजीचा. सतत ओल्या राहणाऱ्या लाकडात ही कूज सावकाश वाढते. जमिनीत गाडलेल्या लाकडी खांबांच्या बुडाशी ती विशेषेकरून दिसते. पण जिवंत झाडांच्या बुडाशीही ती आढळली आहे.

आतून पोकळ, वरून हिरवे

झाड आतून पोकळ असताना वर पालवी कशी फुटते, असा प्रश्न पुष्कळांना पडतो. झाडाचा जिवंत भाग सालीच्या लगत असतो. पाणी वर नेणारे रसकाष्ठ आणि पानांतील अन्न खाली आणणारा सालीचा थर हे बाहेरच्या बाजूलाच असतात. मधला गाभा हा बहुतांशी मृत पेशींचा असून तो आधाराचे काम करतो. त्यामुळे गाभा कुजला तरी झाडाचे जेवणखाण अडत नाही. पानांचा हिरवेपणा झाडाच्या पोषणाविषयी सांगतो. त्याच्या मजबुतीविषयी तो काहीच सांगत नाही.

झाड या हल्ल्यापुढे हतबल असते असे मात्र नाही. अमेरिकेच्या वन सेवेतील शास्त्रज्ञ ॲलेक्स शायगो यांनी हजारो झाडे उभी चिरून त्यांच्या आतील कुजीचा माग काढला. जखम झाल्यावर झाड ती भरून काढत नाही. ते कुजलेला भाग रासायनिक भिंती उभारून कोंडून टाकते आणि त्याच्या बाहेर नवे लाकूड वाढवते, असे त्यांनी १९७० च्या दशकात मांडले. यांतील सर्वांत भक्कम भिंत जखमेनंतर वाढलेल्या नव्या लाकडाच्या सीमेवर असते. म्हणूनच कित्येक जुने वृक्ष पोटात पोकळी घेऊन दशकानुदशके उभे असतात.

पोकळी किती वाढली की धोका सुरू होतो, याचा अंदाज साध्या गणिताने येतो. लोखंडाची पोकळ नळी वाकवणे जवळजवळ भरीव कांबीइतकेच कठीण असते, कारण वाकण्याला होणारा विरोध मुख्यतः बाहेरच्या थरातून येतो. बुंध्याचा निम्मा व्यास पोकळ झाला तर त्याची वाकण्याविरुद्धची ताकद अवघी ६ टक्क्यांनी घटते. पोकळी ७० टक्क्यांवर गेली की ही घट २४ टक्के होते आणि ९० टक्क्यांवर ती ६६ टक्के होते. म्हणजे सुरुवातीला काहीच बिघडले नाही असे वाटते आणि पुढे ऱ्हास एकदम झपाट्याने होतो. क्लाउस मॅटहेक या जर्मन अभ्यासकाने पडलेल्या आणि उभ्या झाडांच्या निरीक्षणावरून असा ठोकताळा मांडला, की निरोगी लाकडाची जाडी बुंध्याच्या त्रिज्येच्या साधारण एक तृतीयांश राहिली पाहिजे. ६० सेंटिमीटर व्यासाच्या बुंध्यात चोहोबाजूंनी सुमारे १० सेंटिमीटर चांगले लाकूड असले तर त्याला वाव आहे. अर्थात हा हिशेब पोकळी मध्यभागी असेल आणि भिंत कोठेही फुटलेली नसेल तेव्हाच लागू पडतो. मुळे कुजली असतील तर बुंधा कितीही भरीव असून उपयोग नाही.

कोणती बुरशी, कोठे आली?

बुरशीचे नेमके शास्त्रीय नाव ठरवण्यासाठी सूक्ष्मदर्शक आणि आता जनुकीय तपासणीही लागते. पुण्यातील आघारकर संशोधन संस्थेत कवकांचा राष्ट्रीय संग्रह असून, प्रा. अजरेकर यांच्या नावाने ओळखले जाणारे वाळवलेल्या कवक-नमुन्यांचे संग्रहालयही तेथे आहे. पण सोसायटीच्या आवारातील झाड पाहणाऱ्या नागरिकाला गट ओळखता आला आणि जागा नोंदवता आली तरी पुष्कळ झाले.

सर्वांत दखल घ्यावी अशी बुरशी म्हणजे गॅनोडर्मा. ती बहुधा बुंध्याच्या बुडाशी किंवा जमिनीवर आलेल्या मुळांवर दिसते. आकार अर्धवर्तुळाकार फळीसारखा, पृष्ठभाग तांबूस तपकिरी आणि काही जातींत रोगण दिल्यासारखा चकचकीत. वाढणारी कड पांढरी किंवा पिवळसर असते. खालची बाजू पांढरट असून तिच्यावर सुईच्या टोकाएवढी असंख्य छिद्रे असतात. काही जातींत त्या बाजूला नखाने ओरखडा काढला की तपकिरी रेघ उमटते. आसपासच्या पानांवर, मातीवर कोकोच्या पुडीसारखी तपकिरी धूळ साचलेली दिसते. ती तिची बीजुके होत. ही बुरशी मुळांत आणि बुडात श्वेत कूज घडवते. पर्जन्यवृक्ष, गुलमोहर अशा रस्त्यावरच्या मोठ्या झाडांच्या बुडाशी ती दिसली तर तज्ज्ञाकडून तपासणी करून घेणे लांबवू नये.

दुसरा गट फेलिनसचा. ही बुरशी घोड्याच्या खुरासारखी जाड, लाकडाइतकी टणक, वरून काळपट आणि भेगाळलेली असते. खालची बाजू गंजाच्या रंगाची. ती वर्षानुवर्षे टिकते आणि दरवर्षी एक थर वाढवते. बुंध्यावर मध्यभागी किंवा जुन्या तुटलेल्या फांदीच्या जागी ती आली असेल तर गाभा कुजतो आहे असे समजावे. पश्चिम महाराष्ट्रात फणसाच्या जुन्या झाडावर येणारी ‘फणसअळंबी’ याच गटातील असून, ती उगाळून घरगुती औषध म्हणून वापरण्याची रीत आहे. वैदूंच्या बटव्यात तिला मान असला तरी झाडाच्या दृष्टीने ती दुखण्याचीच खूण होय.

तिसरा गट लहान, पातळ आणि संख्येने पुष्कळ अशा बुरशींचा. करड्या-पांढऱ्या, लवदार, पंख्याच्या आकाराच्या आणि खाली चिरलेल्या पापुद्र्यांच्या शायझोफायलमचे थवे वाळक्या फांद्यांवर दिसतात. नारिंगी-लाल रंगाच्या पातळ चकत्या किंवा मधमाश्यांच्या पोळ्यासारखी मोठी छिद्रे असलेल्या फळ्या मेलेल्या लाकडावर येतात. कानाच्या पाळीसारखी लवचीक तपकिरी बुरशी आणि कोळशाच्या अर्ध्या गोळ्यासारखी काळी डाल्डिनियाही अशाच वाळलेल्या लाकडावर वाढते. या बुरशी बहुतेकदा ‘ही फांदी मेली आहे’ एवढेच सांगतात. ती फांदी रस्त्यावर, वाहनतळावर किंवा मुलांच्या खेळण्याच्या जागेवर असेल तर काढून टाकावी. त्यासाठी सबंध झाड तोडण्याचे कारण नाही. मुख्य बुंध्यावर उभ्या पट्ट्यात त्या दिसल्या तर मात्र त्या बाजूची साल आणि खालचे लाकूड मेलेले असण्याची शक्यता असते.

काही गोष्टी तर अगदीच निरुपद्रवी. सालीवर दिसणारे करडे-हिरवे चट्टे हे पुष्कळदा दगडफुलाचे भाऊबंद असतात. आपल्या गोड्या मसाल्यातले दगडफूल म्हणजे बुरशी आणि शैवल यांचा एकत्र संसार. तो सालीवर फक्त वस्ती करतो. झाडाचे लाकूड खात नाही. तसेच पावसाच्या पहिल्या सरींनंतर हिरवळीवर किंवा पालापाचोळ्यात उगवणारी नाजूक, दोन दिवसांत विरणारी छत्र्या-छत्र्यांची भूछत्रे जमिनीतील मृत अवशेषांवर जगतात. मात्र ती झाडाच्या बुडाशी दाट घोसाने आणि दरवर्षी त्याच जागी येत असतील तर खाली कुजलेली मुळे असू शकतात. येथे एक सावधगिरीची सूचना: ओळखीच्या खुणा वाचून कोणतेही भूछत्र खाण्याचा प्रयोग करू नये. येथे दिलेल्या खुणा झाडाची प्रकृती पाहण्यासाठी आहेत. खाद्य आणि विषारी यांचा निवाडा करण्यासाठी त्या उपयोगाच्या नाहीत.

थोडक्यात, जागेचा नियम असा सांगता येईल. वाळक्या फांदीवरची बुरशी फांदीचा प्रश्न सांगते, बुंध्यावरची गाभ्याचा आणि बुडावरची मुळांचा. जमिनीकडे जावे तसा प्रश्न अधिक गंभीर होत जातो, कारण सगळ्या झाडाचा भार तेथे येतो.

माडाची गोष्ट वेगळी

कोळीवाड्यापासून जुन्या इमारतींच्या आवारांपर्यंत वरळीत माड ठिकठिकाणी दिसतात. नारळ हा ताडवर्गातील असल्याने त्याच्या खोडाला दरवर्षी नवे वलय वाढत नाही. त्यामुळे जखमेभोवती नवे लाकूड वाढवून कूज कोंडण्याची सोय त्याला नसते. त्याच्या खोडाला एकदा झालेली इजा कायमची राहते. नारळावरही गॅनोडर्मा येतो. १९५२ च्या सुमारास तमिळनाडूतील तंजावर भागात या रोगाने मोठे नुकसान केल्यामुळे तो ‘तंजावर मर’ या नावाने ओळखला जातो. खोडाच्या बुडाशी भेगांतून तांबूस तपकिरी द्रव झिरपतो, खालच्या झावळ्या पिवळ्या पडून खोडालगत लोंबतात, नारळ गळू लागतात आणि बऱ्याच उशिरा बुडाशी भूछत्र येते. रोग जमिनीतून, मुळांवाटे पसरतो. म्हणून मेलेल्या माडाचा खुंट जमिनीत तसाच ठेवणे शेजारच्या माडांना घातक ठरते. निंबोळी पेंड आणि ट्रायकोडर्मा या उपकारक बुरशीचा वापर सुरुवातीच्या अवस्थेत सुचवला जातो. पण खोड पोखरले गेल्यावर इलाज उरत नाही.

दार आपणच उघडतो

निरोगी सालीतून बुरशी सहसा आत शिरू शकत नाही. तिला जखम लागते आणि शहरात या जखमांचा पुरवठा अखंड चालू असतो. जलवाहिनी, वीजवाहिनी, दूरसंचार तारा यांसाठी पदपथ खणताना मुळे सरसकट तोडली जातात. झाडाची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या मीटरभर थरातच असतात आणि ती फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात, हे खणणाऱ्याला ठाऊक नसते. मूळ आज तुटते, कूज हळूहळू बुडाकडे सरकते आणि झाड काही वर्षांनी पडते. तोवर ते खोदकाम सर्वांच्या विस्मरणात गेलेले असते. सर्वत्र पुनर्विकासाची कामे चालू असलेल्या वरळीसारख्या भागात या मुद्द्याला अधिक महत्त्व आहे.

बुंध्याला भिडवून केलेले काँक्रीट हे दुसरे कारण. मुळांना हवा आणि पाणी मिळत नाही, बुंध्याची साल घासली जाते आणि बुडाशी ओल साचून राहते. राष्ट्रीय हरित लवादाने २०१३ मध्ये दिल्लीतील झाडांभोवतीची एक मीटर जागा काँक्रीटमुक्त करण्याचा आदेश दिला होता तो याच कारणासाठी. खिळे, जाहिरातींच्या पाट्या, दिव्यांच्या माळांच्या आवळलेल्या तारा, बुंध्याशी जाळलेला कचरा या सगळ्या लहान-मोठ्या जखमाच होत.

आणि सर्वांत विसंगत कारण म्हणजे पावसाळ्यापूर्वीची ती छाटणीच. फांदीच्या बुडाशी एक फुगीर कड असते. जखम बंद करण्याची शक्ती तिच्यात असते. काप त्या कडेच्या लगत बाहेरून घेतला तर झाड जखम झाकते. ती कड छाटून बुंध्याला सपाट काप घेतला, किंवा उलट हातभर खुंट सोडून दिला, तर बुरशीला आयते प्रवेशद्वार मिळते. शेंडा सरसकट उडवल्यास जाड फांद्यांचे उघडे काप कुजतात आणि त्यांच्या कडेने फुटलेले जोमदार धुमारे कमकुवत बुडावर वाढतात. दिसायला झाड पुन्हा डेरेदार होते. पण काही वर्षांनी तेच धुमारे वाऱ्यात निखळतात. म्हणजे सुरक्षिततेसाठी केलेली चुकीची छाटणी उद्याच्या अपघाताची तयारी करून ठेवते. कापावर डांबर किंवा रंग फासल्याने कूज थांबत नाही, असेही शायगो यांनी दाखवून दिले आहे. पोकळी सिमेंटने भरण्याची जुनी पद्धतही आता सोडून देण्यात आली आहे. वाऱ्यात झाड डोलते, सिमेंट डोलत नाही आणि त्यामुळे आतली भिंत अधिकच घासली जाते.

रहिवाशांनी काय करावे?

आवारातील प्रत्येक मोठे झाड वर्षातून दोनदा, पावसाळ्याच्या आधी आणि पावसाळा सरताना, बुडापासून शेंड्यापर्यंत पाहावे. दुसरी पाहणी विशेष महत्त्वाची, कारण अनेक भूछत्रे पावसातच बाहेर येतात. भूछत्र दिसल्यास ते न काढता शेजारी पट्टी किंवा नाणे ठेवून छायाचित्र घ्यावे. जमिनीपासूनची उंची, बाजू आणि तारीख वहीत नोंदवावी. बुंध्यावर लाकडी मोगरीने हळूच ठोकल्यास पोकळ भागाचा आवाज घुमतो आणि भरीव भागाचा बसका येतो. बुडाशी माती उचलली जाणे, एका बाजूला जमिनीत भेगा पडणे, झाडाचा कल नव्याने वाढणे, बुंध्यावर उभी चीर जाणे या खुणा भूछत्राबरोबर दिसल्या तर विलंब करू नये. ध्वनिलहरींनी बुंध्याचे आतील चित्र काढणारी आणि बारीक सुईसारख्या गिरमिटाने लाकडाचा विरोध मोजणारी उपकरणे उपलब्ध आहेत. संशय असलेल्या मोठ्या झाडासाठी त्यांचा आग्रह धरणे योग्य.

कायद्याचे भान ठेवणेही आवश्यक आहे. महाराष्ट्र (नागरी क्षेत्रे) झाडांचे संरक्षण व जतन अधिनियम, १९७५ नुसार खासगी जागेतील झाडही परवानगीवाचून तोडता येत नाही. २०२१ च्या दुरुस्तीने ५० वर्षे किंवा त्याहून अधिक वयाच्या झाडांना ‘वारसा वृक्ष’ म्हणून विशेष संरक्षण दिले आहे. वरळी महापालिकेच्या जी-दक्षिण विभागात येते. विभाग कार्यालयातील उद्यान खात्याकडे छायाचित्रे व नोंदींसह अर्ज केल्यास, केवळ ‘झाड धोकादायक वाटते’ अशा अर्जापेक्षा तो अधिक परिणामकारक ठरतो. तातडीचा धोका असल्यास महापालिकेच्या आपत्कालीन व्यवस्थापन कक्षाचा १९१६ हा दूरध्वनी क्रमांक आहे.

तोडणे हा एकमेव उपाय नव्हे. भार कमी करणारी शास्त्रशुद्ध छाटणी, कललेल्या फांदीला टेकू, बुडाभोवतीचे काँक्रीट काढणे हे मार्ग आहेत. कधी कधी झाडाऐवजी खालचा बाक किंवा वाहनतळ हलवणे सर्वांत सोपे असते, कारण खाली कोणी नसेल तर तुटलेली फांदी अपघात घडवत नाही. मात्र बुडात गॅनोडर्मा, मुळे कुजलेली आणि खाली वर्दळीचा रस्ता अशी स्थिती असेल तर झाड उतरवणे हाच शहाणपणा होय. तेथे भावनेपोटी केलेली दिरंगाई कोणाच्या तरी जिवावर बेतते.

बुरशी ही झाडाची वैरीण आहे असेही सरसकट म्हणता येत नाही. लाकूड कुजवणाऱ्या बुरशी नसत्या तर जंगले आपल्याच मृत लाकडाखाली गाडली गेली असती. तांबट पक्षी आपले घरटे कोरतो ते अशाच मऊ झालेल्या वाळक्या फांदीत. पोपट आणि पिंगळे राहतात ते जुन्या ढोलीत. प्रश्न उरतो तो माणसांनी गजबजलेल्या शहरात ही कूज वेळीच ओळखण्याचा. यंदा करवतवाले आले की त्यांच्यामागोमाग वर पाहण्याआधी क्षणभर खाली वाकून बुंध्याचे बूड पाहावे. झाडाने काही लिहून ठेवले असेल तर ते तेथेच असते.